यिशुनचे भेक आणि केन टोडचा बागुलबुवा

सिंगापूरच्या यिशुन उपनगरात जोराची सर ओसरली की रात्री इमारतींच्या पायथ्याशी, नाल्यांच्या कडेला तळहाताएवढे खरबरीत भेक दिव्याखालचे किडे टिपायला येतात. एवढा मोठा भेक दिसला की ऑस्ट्रेलियाला छळणारा केन टोडच इथे आला, अशी शंका येते. शंका वेडगळ नाही. उसावरच्या भुंगेऱ्यांच्या बंदोबस्तासाठी १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये आणलेल्या त्या भेकाने भुंगेरे सोडून बाकीच्यांनाच जेरीस आणलं. पण इथल्या नेहमीच्या आशियाई भेकाची मादीही चांगली थोराड होते, तेव्हा नुसत्या आकारावर भरवसा ठेवू नये. पाहावं ते डोकं. आशियाई भेकाच्या डोळ्यांभोवतीचे कंगोरे काजळ रेखल्यासारखे काळे असतात, पाठीवरच्या चामखिळींची टोकंही काळी. केन टोडला ही काळी कड नसते; त्याच्या डोळ्यांमागच्या विषग्रंथी मात्र भल्यामोठ्या, खांद्यापर्यंत उतरलेल्या असतात.

जागेचा पुरावाही तितकाच बोलका आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात मोरीपाशी दिसतो तोच हा आशियाई भेक. बागा, गवत, गटारं, साचलेलं पाणी, थोडक्यात माणसाचा शेजार त्याला मानवतो. दाट जंगलात तो सहसा शिरत नाही. यिशुनजवळच्या नी सून दलदली जंगलात चार कंगोऱ्यांचा भेक राहतो, तो वेगळा. त्यामुळे गटारातल्या भेकाची दया येऊन त्याला ‘निसर्गात’ सोडणं हा उपकार नव्हे. शिवाय परवानगीशिवाय वन्यप्राणी सोडणं सिंगापुरात गुन्हा आहे.

मुलंबाळं, कुत्री असलेल्या घरांनी विषारी प्राणी का सोसावा, हा आक्षेप रास्तच. पण भेक चावल्याने हे विष अंगात भिनत नाही. भेकाला कुणी दाबलं किंवा चावलं की ते त्याच्या ग्रंथींतून पाझरतं. हात लागला तर साबणाने धुवावा, कुत्र्याने तोंडात धरला तर तोंड धुऊन पशुवैद्याकडे न्यावं. उद्या खरोखरच परका भेक आला तर? येऊ शकतो. मादागास्करच्या तोआमासिना बंदराच्या परिसरात हाच आशियाई भेक घुसखोर ठरला आणि २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली. म्हणून सावधगिरी हवीच, पण काठीने नव्हे: चिरडलेल्या भेकाचं डोकं कोणालाच तपासता येत नाही. शंका आली तर पाठीचा नव्हे, डोक्याचा बाजूने काढलेला स्पष्ट फोटो जागेच्या नोंदीसह सिंगापूरच्या राष्ट्रीय उद्यान मंडळाकडे (एनपार्क्स) पाठवावा.