आरतीचा नाद आणि घरातील स्वमग्न मूल

गणरायाचे आगमन होताच घरोघरी झांजा निनादतात. पण त्याच क्षणी एखादे स्वमग्न मूल कानांवर हात ठेवून कोपऱ्यात दडते. आप्तेष्ट त्यास हट्टी म्हणतात, कोणी पूर्वकर्म काढतो. नारदांच्या गादीवरून आम्हीही एके काळी तसेच बोललो. ती आमची चूक होती. स्वमग्नता हा शाप नव्हे, मेंदूच्या जडणघडणीतील भेद आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे. म्हणून आरतीची वेळ मुलास आधी सांगावी, झांजांऐवजी लहान घंटा वाजवावी, एक खोली शांत ठेवावी. त्याच्या मातेस उपदेश न करता घटकाभर विसावा द्यावा. त्या कोपऱ्यात प्रेमाने नेऊन दिलेला मोदकही नैवेद्यच होय, असे आम्ही मानतो.