निसटत्या चाकाची तालीम

कळंबा तलावालगतच्या पावसाळी रस्त्यावर चाकांच्या गतीतील तफावत क्षणार्धात हेरून इंजिनाचा जोर आवरणारी ट्रॅक्शन कंट्रोलची व्यवस्था हे निःसंशय वरदान होय. परंतु शर्यतीच्या ट्रॅकवर, जेथे वळणातून बाहेर पडताना मागील चाकांना किंचित घसरू देऊनच वेग साधतो, तेथे तीच व्यवस्था नवख्या चालकाचे प्रमाद झाकून त्याचे शिक्षण खुंटविते, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉर्म्युला वनने २००८ पासून केलेली मनाई म्हणूनच रास्त वाटते. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टला तर डिफरेन्शियलसुद्धा नसते: मागचा आस अखंड, त्यामुळे वळणात आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले नाही तर गाडी अडखळते, आणि ते उचलण्याचे कसब पोराला स्वतःच्या मनगटानेच कमवावे लागते. महागडी मोटार ट्रॅकवर नेऊ इच्छिणाऱ्याने आधी एक हंगाम तेथे काढावा.