जॉन थॉम्पसन मैदान सोडून का गेले?

१९८२ साली अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचा संघ शेवटच्या चारांत पोहोचला. न्यू ऑर्लिन्सला एका पत्रकाराने प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांना विचारलं, इथवर आलेले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून तुम्हाला कसं वाटतं? प्रश्न कौतुकाचा होता. थॉम्पसन मात्र उखडले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : या प्रश्नात असं गृहीत धरलंय की माझ्याआधी हे करण्याची कुवत कुणात नव्हती. कुवत असलेले कितीतरी होते. त्यांना संधी दिली गेली नाही. म्हणून हा प्रश्न मला अपमानास्पद वाटतो.

आता आपले ग्रुप आठवा. "समाजातील पहिला अमुक", "पहिली बौद्ध महिला तमुक", खाली हार घातलेला फोटो आणि दीडशे निळे हृदय. अभिनंदन करावं, आम्हीही करतो. पण "पहिला" हा शब्द ज्याला चिकटतो त्याच्याबद्दल तो थोडंच सांगतो. ज्यांनी दार एवढी वर्षं लावून ठेवलं त्यांच्याबद्दल तो जास्त सांगतो. थॉम्पसन यांना हे कळलं होतं आणि ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं.

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. जॉन मॅक्लेंडन नावाचे प्रशिक्षक होऊन गेले. बास्केटबॉल ज्यांनी शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांच्याकडे कॅन्सस विद्यापीठात ते शिकले, पण काळे म्हणून त्याच विद्यापीठाच्या संघात त्यांना खेळता आलं नाही. पुढे टेनेसीतल्या काळ्यांच्या कॉलेजला त्यांनी १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन वर्षं लहान कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. तरी बड्या गोऱ्या विद्यापीठांनी त्यांना बोलावलं नाही. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी मॅक्लेंडन यांची गुणवत्ता कुठल्या फूटपट्टीने मोजली असेल?

थॉम्पसन यांचा जन्म १९४१ चा, वॉशिंग्टनचा. वडील फरशांच्या कारखान्यात कामगार, लिहिता-वाचता न येणारे. आई शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेली, पण घरोघरी साफसफाईची कामं करणारी. शिकलेल्या बाईच्या हातात खडूऐवजी फडका कोण देतं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. पोराला शाळेत नीट वाचता येईना, तर शाळेने त्याला मतिमंद ठरवून टाकलं. दुसऱ्या शाळेतल्या एका काळ्या शिक्षिकेने त्याला वाचायला शिकवलं. पुढे हा सहा फूट दहा इंचांचा मुलगा प्रॉव्हिडन्स कॉलेजात गेला, बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात बिल रसेल यांचा बदली खेळाडू म्हणून दोन वर्षं राहिला आणि मग वॉशिंग्टनला परतून सेंट अँथनी या शाळेत मुलांना शिकवू लागला.

१९७२ साली जॉर्जटाउनने त्यांना बोलावलं. इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच हे वर्ष. जॉर्जटाउनची तेव्हाची गत अशी, की आदल्या हंगामात संघ तीन सामने जिंकून तेवीस हरला होता. शहर बहुसंख्य काळ्यांचं आणि टेकडीवरचं हे कॅथलिक विद्यापीठ जवळपास सगळं गोरं. त्याच्या पायात काय गाडलेलं होतं तेही सांगायला हवं. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम, बायका-पोरांसकट, लुइझियानाच्या मळेवाल्यांना १ लाख १५ हजार डॉलरला विकले. त्या पैशातला काही भाग कर्जात बुडालेलं हे कॉलेज वाचवायला गेला. माणसं विकून तगलेल्या संस्थेत सव्वाशेहून अधिक वर्षांनी एक काळा माणूस मुख्य प्रशिक्षक होऊन आला. १९७५ साली संघ हरू लागला तेव्हा कॉलेजच्याच व्यायामशाळेत त्यांना वंशवाचक शिवी देणारी आणि हाकलून द्या म्हणणारी चादर झळकली. त्याच हंगामात त्यांनी संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेलं.

विजयांची यादी इथे देत बसत नाही. २७ वर्षांत ५९६ सामने जिंकले. १९८४ मध्ये ह्यूस्टनला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही असं करणारे "पहिले" कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं टेबल. त्यांच्या कचेरीत हवा गेलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. खेळाडूला तो दाखवून ते सांगत, की एक दिवस चेंडूतली हवा जाणार आहे, तेव्हा तुझ्याकडे काय असेल? मेरी फेनलन नावाच्या पूर्वाश्रमीच्या जोगीण बाईंना त्यांनी अभ्यासाची जबाबदारी दिली आणि सामन्याच्या वेळी थेट संघाच्या बाकावर बसवलं. चार वर्षं त्यांच्याकडे टिकलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ९७ टक्के मुलांनी पदवी घेतली. मोठमोठी विद्यापीठं काळ्या पोरांच्या पायातली ताकद पिळून घेत होती आणि पदवीविना परत पाठवत होती, त्या काळातला हा आकडा आहे.

तरीही वर्तमानपत्रांनी या संघाला काय म्हटलं? गुंड, दांडगट, उर्मट. पॅट्रिक युइंग हा जमैकात जन्मलेला त्यांचा सर्वात मोठा खेळाडू. त्याला वाचता येत नाही असे फलक प्रेक्षक धरत, मैदानात केळ्याची सालं फेकत. याच युइंगने चार वर्षं पूर्ण करून पदवी घेतली. थॉम्पसन यांनी एकदा अशा फलकापायी संघ मैदानाबाहेर नेला आणि फलक उतरल्याशिवाय परत आणला नाही.

आता मुद्द्यावर येऊ. कॉलेज खेळांचं नियंत्रण करणाऱ्या एनसीएए या संस्थेने १९८६ पासून एक नियम लागू केला होता. शिष्यवृत्ती घेऊन पहिल्याच वर्षी खेळायचं असेल तर ठरावीक अकरा विषयांत सरासरी आणि सॅट या प्रवेश परीक्षेत १६०० पैकी किमान ७०० गुण हवेत. दोन्हींपैकी एकच अट पूर्ण केली तर मुलाला शिष्यवृत्ती मिळे, पहिलं वर्ष खेळता येत नसे, अभ्यास करता येई. म्हणजे दार अर्धं उघडं होतं. जानेवारी १९८९ च्या अधिवेशनात ४२ क्रमांकाचा ठराव आला. अशा मुलाला शिष्यवृत्तीसुद्धा द्यायची नाही. ठराव आधी पडला, मग फेरमतदान घेऊन काठावर मंजूर करून घेतला. या नियमात अडकणारी मुलं बहुतांश काळी होती, हे मतदान करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

१४ जानेवारीला बोस्टन कॉलेजविरुद्ध सामना होता. खांद्यावर नेहमीचा पांढरा टॉवेल घेऊन थॉम्पसन आले आणि सामना सुरू होण्याआधी चालत बाहेर गेले. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्या सामन्यालाही ते गेले नाहीत. गरीब पोरांना वगळणाऱ्या या नियमाबद्दल काही होत नाही तोवर जॉर्जटाउनच्या बाकावर बसणार नाही, ही त्यांची भूमिका. टेंपल विद्यापीठाचे जॉन चेनी त्यांच्यासारखेच तुटून पडले. आठवड्याभरात संस्थेच्या पुढाऱ्यांनी ठरावाचा फेरविचार करण्याची तयारी दाखवली आणि थॉम्पसन परतले. वर्षभराने, १९९० मध्ये, नियम बदलला. खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण घरच्या परिस्थितीनुसार मिळणारी मदत विद्यापीठ देऊ शकेल, असं ठरलं. पूर्ण विजय नव्हता. पण बंद होणाऱ्या दारात पाय अडकवला गेला.

इथे एक वाद आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. टेनिसपटू आर्थर ॲश यांनी ठराव ४२ ला जाहीर पाठिंबा दिला. ॲश म्हणजे कुणी प्रस्थापितांचा पोपट नव्हे. विम्बल्डन जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष (पुन्हा तो शब्द), वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झुंजलेला माणूस. त्यांचं म्हणणं, आपल्या घरांत पोरं ग्रंथालयापेक्षा मैदानावर जास्त वेळ घालवतात; अट वाढवा, आपली पोरं ती पूर्ण करतील; कमी अपेक्षा ठेवणं हाही अपमानच. आपल्याकडे हा सूर रोज ऐकू येतो, विशेषतः ज्यांचं बस्तान बसलंय त्यांच्याकडून. "आपल्या मुलांनी ओपनमधून यावं" वगैरे.

ॲश यांचं निदान बरंचसं खरं आहे असं आम्हाला वाटतं. चूक शिक्षेच्या पत्त्यात आहे. मोडक्या शाळा चालवणाऱ्या राज्याला दंड नाही, मुलाला न शिकवता पुढे ढकलणाऱ्यांना दंड नाही, त्याच्या जिवावर तिकिटं विकणाऱ्या विद्यापीठाला दंड नाही. दंड अठरा वर्षांच्या पोराला. आणि दंड म्हणून काय काढून घ्यायचं, तर शिकण्याची एकमेव वाट. अभ्यासात कच्चा आहे म्हणून त्याला अभ्यासापासूनच दूर ठेवायचं!

१९०७ साली मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते. चाळीस टक्केसुद्धा नाहीत. ठराव ४२ च्या डोक्याचा माणूस बडोद्याच्या गादीवर असता तर कोलंबियाचं जहाज सुटलंच नसतं. आणि शिष्यवृत्ती संपणं म्हणजे काय तेही बाबासाहेबांनी भोगलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला तीन वर्षं लागली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी सरकारकडून पैसा मंजूर करून घेतला तो उगाच नाही. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्‌महिने थांबली होती, हेही इथेच आठवावं.

मैदान सोडण्याचा वारसा आपल्याकडेही आहे, अमेरिकेकडून उसना आणायची गरज नाही. पळवणकर बाळू, चांभार घरातले, त्या काळातले देशातले सर्वोत्तम गोलंदाज. पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. चेंडूला स्पर्श चालत होता. १९२० मध्ये हिंदू संघाचं कर्णधारपद पळवणकर बंधूंना नाकारलं गेलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले. बाळू पुढे बाबासाहेबांविरुद्ध १९३७ ची निवडणूक लढले आणि हरले, तो वेगळा विषय. पण त्या माघारीचं मोल त्याने कमी होत नाही.

थॉम्पसन यांचीही मूर्ती करून बसवण्याची आमची इच्छा नाही. ते नायकी या बूट कंपनीच्या संचालक मंडळावर होते आणि श्रीमंत झाले, तर ज्या पोरांच्या पायात ते बूट होते त्यांना तेव्हाच्या नियमांनुसार पगार म्हणून एक डॉलर मिळत नव्हता. हा अन्याय त्यांनी तेवढ्या जोरात मांडला नाही, असं आमचं मत आहे. २०२० मध्ये ते गेले.

पण १९८९ च्या त्या आठवड्याचं काय करायचं? त्यांच्याकडे तेव्हा विजेतेपद होतं, मोठा पगार होता, ऑलिम्पिक संघाचं प्रशिक्षकपद भोगून झालं होतं. नियमाचा फटका त्यांना स्वतःला बसत नव्हता. आपल्याकडे विद्यापीठांच्या निवड समित्यांवर आरक्षित प्रवर्गाचा प्रतिनिधी बसवलेला असतो. मुलाखती होतात, पीएचडी झालेली पोरं येतात, आणि राखीव जागेपुढे शेरा पडतो : योग्य उमेदवार मिळाला नाही. त्या कागदावर त्या प्रतिनिधीचीही सही असते. आमच्या ओळखीत असे काहीजण आहेत. चळवळीतून वर गेलेले, १४ एप्रिलला व्यासपीठावर असणारे. भेटले की ते सांगतात, एकट्याने काय होणार, सही केली नाही तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत. आम्ही त्यांना विचारतो, सही करून बोलावणं टिकलं, तर पुढच्या वेळी तिथे जाऊन काय करणार आहात?