घोट्यावरची न भरणारी जखम

उसाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या मजुराच्या पायाला जखम होणे, यात नवल ते काय? पाचट लागते, कोयता लागतो. हळद भरली, चिंधी बांधली की माणूस पुन्हा फडात. पण तीच जखम घोट्याच्या हाडाजवळ महिनोन्‌महिने ओली राहिली, डोळे पिवळट दिसले, हाडे-सांधे ठणकू लागले, तर दोष कोयत्याचा नसून रक्ताचा असू शकतो. सिकलसेल म्हणतात तो हाच आजार.

या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी आणि कावीळ दिसते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. घोट्याशी कातडी पातळ, रक्तपुरवठा मुळातच कमी. तिथे जखम भरायची कशी? जमैका-आफ्रिकेइतक्या अशा जखमा आपल्याकडे होत नाहीत, पण होतात.

चुना, तंबाखू, राख लावणे आधी बंद करा. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवावी, स्वच्छ पट्टी बांधावी, निजताना पाय उशीवर ठेवावा. पाणी भरपूर प्यावे. पाणीपाळीला अनवाणी जाऊ नये. रक्त कमी म्हणून दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून खाऊ नयेत. इथे लोह कमी असतेच असे नाही. हायड्रॉक्सीयुरियाने वेदनांचे झटके कमी होतात, मात्र काहींना त्याच गोळीने घोट्याला जखम होते. तसे दिसल्यास डॉक्टरांना सांगा, मनानेच गोळी सोडू नका.

हा रोग विदर्भात आणि नंदुरबारकडे अधिक, आपल्याला काय त्याचे, असे पाथरीत कुणी म्हणेल. पण मजूर कुठूनही येतो, सोयरीक कुठेही जुळते. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रोगी मूल होण्याची असते. करणी नाही, शिवताशिवत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, मुदत २०४७. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी तिच्यात ठरली. मुदत लांबची आहे, जखम आजची आहे. सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी टोळी गावात उतरली की पायांकडे एकदा बघावे आणि अशा माणसाला सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीला धाडावे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आहे, तेव्हा निदान झालेल्याच्या प्रमाणपत्राचा अर्जही ग्रामसेवकांनीच भरून द्यावा. त्याला मुकादमाकडून एक दिवसाची सुट्टी मिळणे मुश्कील, तो परभणीला किती खेपा घालणार?