दहा हजार लुमेनचं कपाळ

रात्री डोंगरात पळणारी मुलं हेडटॉर्च कशी निवडतात, हे गेले काही महिने मी जवळून बघते आहे. आमच्या घरातच दोघं आहेत, नातू आणि त्याची मैत्रीण. सिंहगड, राजगड, तोरणा या वाटांवर मध्यरात्री धावायची हौस. पळा बापडे! त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खोक्यावरच्या आकड्याबद्दल. पाचशे लुमेनपेक्षा हजार चांगले, हजारापेक्षा दहा हजार चांगले, अशी चढती भाजणी मांडून ही मंडळी मोकळी होतात. माझं म्हणणं असं, की हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघावं ते हे, की बॅटरी (आमच्या पिढीचा शब्द, आम्ही टॉर्चलाच बॅटरी म्हणतो) किती तास एकसारखा उजेड देते.

"आजी, तुला काय कळतं त्यातलं?" हे विचारून झालं आहेच. खरं आहे, मी मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञान नाही. पण त्रैराशिक मला येतं.

तर करू या हिशेब. ऑनलाइन बाजारात 'दहा हजार लुमेन' छापलेल्या हेडटॉर्च ढिगाने मिळतात. मोटारीच्या साध्या एच-४ हॅलोजन दिव्याचा अप्पर साधारण १६५० लुमेनचा. म्हणजे असे सहा दिवे कपाळाला बांधायचे! बरं, एलईडी एका वॅटमागे शंभरेक लुमेन देतो असं धरा. दहा हजारांना शंभर वॅट लागले. आत असतो १८६५० नावाचा अंगठ्याएवढा सेल. उत्तम कंपनीचा असला तरी त्याची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास, म्हणजे बारा-तेरा वॅट-तास. करा भागाकार. सात-आठ मिनिटं! आणि तेवढ्या वेळात कपाळावर पापड भाजून निघेल तो वेगळाच. काही सेलांवर तर ९९०० एमएएच लिहिलेलं असतं. त्या आकारात तेवढं मावतच नाही. असा माल विकणाऱ्याला लबाड म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पण खरा राग मला सचोटीच्या कंपन्यांचा येतो, कारण त्या खोटं न बोलता फसवतात. टॉर्च मोजण्याचं एफएल-१ नावाचं अमेरिकन मानक २००९ साली आलं. त्यात उजेड मोजतात तो दिवा लावल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आत. आणि 'किती वेळ चालतो' हे मोजतात तो उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंत. आता खोक्यावर लिहिलंय, '४०० लुमेन, ८ तास'. वाचणाऱ्याला वाटतं आठ तास चारशे. प्रत्यक्षात आठव्या तासाला चाळीस उरले तरी कंपनी नियमात बसते! पुष्कळ दिवे तर तापू लागले की काही मिनिटांतच आपणहून मंद होतात. दोन्ही आकडे खरे, पण शेजारी शेजारी ठेवले की अर्थ खोटा. आणि चाळीस लुमेन उरतात ते नेमके कधी? पहाटे चारला, पाय दमलेले असताना, उताराच्या घसाऱ्यावर. म्हणून दुकानात विचारायचं ते हे, की दोनशे लुमेन मंद न होता किती तास? उत्तर येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

यावर नातवाचा मुद्दा असा, की उतारावर वेगात पळताना लांबचं दिसावं लागतं. मान्य. पण दुप्पट लांब दिसायला चौपट उजेड लागतो, हा निसर्गाचा हिशेब आहे. वाटेवर पायाशी आणि दोन्ही बाजूंना पसरलेला उजेड हवाच, नाहीतर कडेचं फुरसं दिसणार कसं? नुसता लांब झोत म्हणजे नळीतून बघणं.

शिवाय दिवा डोळ्यांच्या जवळ असला की दगडाची सावली दगडामागेच लपते. खड्डा आणि उंचवटा सारखेच सपाट दिसतात. पावसाळ्यात धुक्यात तर विचारू नका. कपाळावरचा झोत जितका प्रखर तितकी पांढरी भिंत जवळ. तिथे कमी लुमेनचा, कमरेला बांधलेला किंवा हातात खाली धरलेला दिवा जास्त दाखवतो. आमच्याकडचे म्हातारे वाटेने कंदील गुडघ्याशी धरून चालत ते काही हौसेने नव्हे.

दुसरा पंथ 'मोबाइल आहे की' वाल्यांचा. एक हात अडकला, आणि पडलात तर हाक मारायचं साधनही उजेड पाडण्यातच संपलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

माँ ब्लां पर्वताभोवतीची यूटीएमबी शर्यत २००३ पासून होते. सुमारे १७० किलोमीटर, साडेशेहेचाळीस तासांची मुदत, अनेकांना डोंगरात दोन रात्री काढाव्या लागतात. तिथे सक्तीच्या सामानात हेडटॉर्चबरोबर जादा बॅटरी असतेच. जगातले कसलेले धावपटू जादा बॅटरी वाहतात, आणि आमचे वीर ती वजन होतं म्हणून घरी ठेवतात!

आणखी एक. समोरून कुणी आलं की दिवा खाली करा रे. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि तुमच्या एका नजरेने तो अर्धा तास वाया जातो. लाल दिव्याची सोय त्यासाठीच आहे, नकाशा बघायला आणि चार माणसांत वावरायला.

विकत घेतलेली हेडटॉर्च डोंगरावर नेण्याआधी एक रात्र घरीच लावून बघा. पूर्ण चार्ज करून, पळताना वापराल त्याच पातळीवर, समोरच्या भिंतीवर झोत टाकून, दर तासाला एक नजर. फक्त शेजारी टेबलफॅन लावा. पळताना वारा लागतो, घरात लागत नाही, आणि पंख्याविना ती तापून लवकर मंद होईल.