विषाणू बदलतो, म्हणूनच गोळी चुकवू नका


‘विषाणू बदलतच राहतो, मग गोळ्या कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत घातक आहे. एचआयव्हीच्या जनुकीय साखळीत सुमारे ९,७०० अक्षरे असतात आणि साधारण तीन नकलांमागे एक चूक होते. म्हणूनच औषधे एकत्र देतात. सगळ्यांना एकाच वेळी चकवणे विषाणूला फार अवघड जाते. गोळ्यांत खंड पडला, की मात्र प्रतिरोधाला वाट मिळते. बमरोलीतला लूम कामगार खानदेशात लग्नाला निघतो, पिशवीत कपडे भरतो आणि गोळ्यांची बाटली खोलीवरच राहते. सरकारी केंद्रांत हे उपचार २००४ पासून मोफत आहेत. गावी जाताना पिशवीत आधी गोळ्या ठेवा, मग कपडे.

— एक वाचक, बमरोली, सुरत