विश्लेषण : पाच वाजता आलेल्यालाही पूर्ण मजुरी? बायबलमधली कथा आजच्या मजूर नाक्यावर काय सांगते?

पोपपदी निवड झाल्यावर दोनच दिवसांनी, १० मे २०२५ रोजी, लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले ते कार्डिनलांना सांगितले. लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कारखान्यांतील कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कामगारांपुढे आज पुन्हा तसेच आव्हान आहे, असे नव्या पोपचे म्हणणे.

त्या परिपत्रकाने समाजवादाला विरोध केला, खासगी मालमत्तेचा हक्क मानला. पण त्याचबरोबर, कामगाराला साधेपणाने जगता येईल त्याहून वेतन कमी असता कामा नये, असेही बजावले. गरजेपोटी तो कमी पैशाला ‘हो’ म्हणाला, तरी तो व्यवहार न्याय्य ठरत नाही. धर्मगुरूंनी पगाराच्या हिशेबात का पडावे? त्याचे उत्तर १८९१ पेक्षा बरेच जुने आहे.

द्राक्षमळ्याची कथा काय आहे?

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली ही कथा. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन दिवसाला एक दीनार या बोलीवर मजूर ठरवतो. पुढे नऊ, बारा आणि तीन वाजता जाऊन आणखी माणसे आणतो. पाच वाजताही काही जण उभेच असतात. दिवसभर रिकामे का, असे विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कोणी कामच दिले नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक दीनार पडतो. दिवसभर उन्हात राबलेले अर्थातच कुरकुरतात.

कुरकुर रास्त वाटते. देवाच्या कृपेला हिशेब नसतो, असा या कथेचा अर्थ चर्चमध्ये सहसा लावला जातो आणि तो बरोबरच आहे. पण ‘कोणी कामच दिले नाही’ हे उत्तर मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर आजही ऐकू येईल. ठेकेदार आधी धडधाकट तरुण उचलतो. वय झालेला गवंडी आणि कडेवर मूल असलेली बाई दुपारपर्यंत थांबून, पदरचे बसभाडे घालवून घरी जाते. यात आळस कुठे आला? दीनार ही तेव्हाची साधारण एका दिवसाची मजुरी. मालक तास मोजत नाही, संध्याकाळी घरची चूल पेटायला किती लागेल ते मोजतो.

गांधीजींचा संबंध कसा?

जॉन रस्किन यांनी ‘अन्टू धिस लास्ट’ या पुस्तकाचे नाव याच कथेतून घेतले. १९०४ मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन प्रवासात गांधीजींनी ते वाचले आणि त्याच वर्षी फिनिक्स वसाहत उभी केली. तिथे सर्वांना सारखेच वेतन द्यायचे, अशी कल्पना होती. पुस्तकाचा सारांश त्यांनी १९०८ मध्ये गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. विनोबांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेल्या या शब्दाचे एक मूळ असे द्राक्षमळ्यात आहे.

मग सगळ्यांना सारखाच पगार द्यायचा?

तसे केले तर दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यात कोण येईल, हा आक्षेप खरा आहे. छोट्या वर्कशॉपच्या मालकाला ते परवडणारही नाही. पण ‘रेरुम नोव्हारुम’ही समान पगार मागत नाही, ज्याखाली जाता येणार नाही अशी एक पातळी मागते. शिवाय मळ्याच्या मालकाने पहिल्यांचा पैसा कापून शेवटच्यांना दिलेला नाही. ठरलेले चुकते केले आणि जास्तीचे स्वतःच्या खिशातून दिले. मजुरी कापून नाताळात ब्लँकेट वाटणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. ख्रिस्ती शाळा-रुग्णालयांनीही ही कसोटी आधी आपल्याच कंत्राटी सफाई कामगारांच्या पगाराला लावायला हवी.

अ‍ॅपवरच्या डिलिव्हरी कामगाराचे काय? सामाजिक सुरक्षा संहितेनुसार कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र अ‍ॅप सुरू ठेवून ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेल्या तासांचे मोल त्यात नाही. पाच वाजेपर्यंत उभे राहिलेले ते हेच.

पैसे कधी द्यायचे?

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात नियम आहे : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, मग तो आपला असो वा परका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिताही रोजंदारीचे पैसे पाळी संपताना द्यायला सांगते. मासिक पगारासाठी मुदत पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंतची.

‘सुटे नाहीत, उद्या ये’ ही सबब आजवर खपून जायची. आता मालकाच्या हातातल्या फोनवर यूपीआय असते, आणि मजूर गेटपाशी उभा असतो.